निर्गुंडीचा पाला देणाऱ्या मामांना

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार.

सूज आणि वेदनेवर निर्गुंडीचा काढा किती उपयोगी पडतो हे तपासायला पन्हाळ्याच्या पायथ्याची निर्गुंडी तुम्ही निवडून दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. औषधी वनस्पतीची चाचणी म्हटलं की लोकांना यंत्रं आठवतात. चाचणी बिघडते ती बहुतेकदा त्याआधीच, पाल्यापाशी.

तुम्ही सुटी पानं न देता फुलोऱ्यासकट फांदी दिलीत. निर्गुंडीला कधी तीन, कधी पाच पर्णिका (एका पानाची छोटी पानं) असतात आणि तिच्या भावकीतल्या व्हायटेक्स ट्रायफोलियालाही तीन, त्यामुळे नुसत्या पानांवरून गल्लत होते. फांदी होती म्हणून नमुना दाबून, वाळवून शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिसंग्रहातल्या नमुन्यांशी ताडता आला. पाला सावलीत, पातळ पसरून वाळवायचा हा तुमचा आग्रहही मोलाचा. उन्हात वासाचं तेल उडून जातं. ढीग घातला तर आतला पाला काळा पडतो, बुरशी धरते.

सगळ्यात मोठे उपकार काढ्याची रीत सांगितलीत त्याचे. प्रयोगशाळेत सवयीनं अल्कोहोलचा अर्क काढतात, पण त्यात उतरणारी द्रव्यं वेगळी. लोक पितात तो काढा, म्हणून तपासायचाही काढाच: वाळल्या पाल्याची एक भाग भरड, सोळा भाग पाणी, मंद आचेवर चौथाई उरेपर्यंत. मग गाळून, गोठवून सुकवायचा, म्हणजे मात्रा वजनावर देता येते.

संस्थेच्या प्राणी नीती समितीच्या परवानगीनंतर उंदरांचे गट करतात. एका गटाला नुसतं पाणी, एकाला वजनाच्या किलोमागे १० मिलिग्रॅम इंडोमेथासिन हे सूज उतरवणारं नेहमीचं औषध, बाकीच्यांना काढ्याच्या वाढत्या मात्रा. तासाभरानं मागच्या पंजात सूज आणणारं १ टक्का कॅराजिनन ०.१ मिली टोचून दर तासाला पंजा द्रवात बुडवून त्याचं आकारमान मोजायचं. घोट्यावर शाईची रेघ हवीच. पंजा दरवेळी तिथपर्यंतच बुडाला नाही तर आकडे फसवे येतात. सूज आणणारी द्रव्यं शरीरातच तयार होतात: पहिल्या तासाची सूज मुख्यतः हिस्टामिन-सेरोटोनिनची, तिसऱ्या तासाच्या सुमाराची प्रोस्टाग्लँडिनची. म्हणून सूज कधी उतरली हेही किती उतरली याइतकंच महत्त्वाचं.

वेदनेसाठी उंदीर ५५ अंश सेल्सिअसच्या तापपट्टीवर ठेवतात. पंजा उचलायला किंवा चाटायला किती सेकंद लागले ते मोजतात आणि १५ सेकंदांना उंदीर उचलून घेतात, नाहीतर पंजा भाजतो. सुस्तावलेला उंदीरही पाय उशिरा उचलतो. तेव्हा काढ्यानं गुंगी येते का, हे फिरत्या दांडीवर (गुंगीतला उंदीर तिच्यावरून लवकर पडतो) वेगळं पाहिल्याशिवाय वेदना कमी झाली असं म्हणू नये.

गुडघ्यावर गरम पाल्याचा शेक घेतात, त्याबद्दल या चाचणीतून काहीच कळत नाही. त्याची चाचणी निराळी करावी लागेल, आणि ती व्हायला हवी असं आम्हाला कळकळीनं वाटतं.

निकाल काहीही येवो, मराठीत लिहून तुमच्या हाती देऊ. तुमची माहिती गावच्या लोकजैवविविधता नोंदवहीत (गावातल्या वनस्पती-प्राण्यांची आणि त्यांच्याबद्दलच्या ज्ञानाची नोंद) तुमच्या नावावर चढायला हवी. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीकडे द्यायचा मजकूर आम्ही तयार करतो, तुम्ही वाचून दुरुस्त करा.

आपले कृतज्ञ,
औषधशास्त्राचे संशोधक, कोल्हापूर