आठ दिवस मोरोक्को आणि रोज पनीर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या अंकात परदेश सहलींच्या जाहिराती असतात ना, त्यात मोठ्ठ्या अक्षरात "रोज गरमागरम भारतीय जेवण" असं लिहिलेलं असतं, तेच वाचून आम्ही मोरोक्कोचं बुकिंग केलं होतं, ह्यांचं पोट नाजूक आणि मी शाकाहारी, म्हटलं बरं झालं. आणि कंपनीने शब्द पाळला हो, अगदी नको इतका पाळला. कासाब्लांकाला मटर पनीर, फेसला पनीर मखनी, माराकेशला परत मटर पनीर. मधे शुक्रवार आला नि गेला, तिकडे शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर घरोघरी कुसकुस (गव्हाच्या रव्याचे वाफवलेले बारीक दाणे) असतो, सगळे एका ताटाभोवती बसतात, आणि आमची बस त्याच वेळेला जिरा राइस खायला निघालेली.

शेवटच्या संध्याकाळी टूर मॅनेजरला सांगितलं, आज आम्हाला दोघांना जेवायला धरू नका. माराकेशच्या जेमा एल-फना चौकातून आत एका गल्लीत गच्चीवर छोटंसं हॉटेल होतं, एक खुर्ची दुसरीसारखी नाही, चालवणारी पोरं पंचवीस-तिशीतली आणि पाटीवर "मोरोक्कन फ्यूजन". फ्यूजन शब्दाची मला धास्तीच आहे, शेजवान डोसा खाल्लाय मी.

पहिल्यांदा आले छोटे छोटे बन, आत बटाट्याची तळलेली टिक्की नि वर हरीसा, म्हणजे लाल मिरचीची चटणी. ह्यांनी घास घेतला, थांबले आणि म्हणाले, अगं हा तर वडापाव! तिकडे त्याला माकूडा म्हणतात आणि रस्त्यावर पावात घालूनच विकतात, त्यामुळे ह्यात फ्यूजन काय तर बर्गरचा बन आणि सोबतची खजुराची चटणी एवढंच (हरीसासुद्धा मूळची ट्युनिशियाची, पण असो). झालूक म्हणजे वांगं-टोमॅटोचं भरीतच, जिरं लसूण आणि ऑलिव्हचं तेल. पास्तिया म्हणजे पातळ पापुद्र्यांचा भरलेला पाय, त्याच्या आत खरं तर कबुतर नाहीतर कोंबडी असते नि वरून पिठीसाखर-दालचिनी, इथे आत भाज्या आणि बकरीच्या दुधाचं चीज भरलेलं, ते काही जमलं नव्हतं, धड करंजी नाही धड पॅटिस नाही.

पण मग ताजीन आलं, म्हणजे मातीच्या भांड्यात मंद शिजवलेला रस्सा. पोराने ते उलट्या नरसाळ्यासारखं झाकण उचललं, वाफ निघून गेली, खाली बटाटे गाजरं ऑलिव्ह आणि मिठात मुरलेल्या लिंबाच्या साली. नुसतं लिंबू आणि मीठ, तेल नाही मसाला नाही. आम्ही तापाने पडलो की आई माळ्यावरच्या बरणीतून काळपट झालेली एक फोड काढून पेजेबरोबर द्यायची, तोच वास, माराकेशच्या गच्चीवर. ह्यांना काही कळेना मी जेवायची थांबले का.

जुन्या काळचा प्रसिद्ध प्रवासी इब्न बतूता ह्याच मोरोक्कोतल्या टँजियरचा, 1304 चा जन्म. तो फिरत फिरत आपल्या दौलताबाद-नंदुरबारपर्यंत आला आणि इथले मराठे भात, भाज्या नि तिळाचं तेल खातात, जेवणाआधी अंघोळ करतात हेही लिहून गेला. त्याने आपल्या ताटात एवढं निरखून बघितलं आणि आपण पावणेसातशे वर्षांनी त्याच्या देशात जाऊन पनीर मागतोय!

तर म्हणणं एवढंच आहे की टूरवाल्यांनी आठातलं एक तरी जेवण तिथलं द्यावं, जमलं तर शुक्रवारचं. ज्येष्ठांना झेपत नाही वगैरे सांगू नका, ह्यांना त्या रात्री काही झालं नाही, उलट पुदिन्याचा चहा तीन ग्लास प्यायले, तो पोरगा हात उंच करून वरून धार सोडत होता नि हे मोबाइलवर शूटिंग करत होते, साखर किती होती त्यात ते विचारू नका. शाकाहारींनी फक्त एक लक्षात ठेवा, सात भाज्यांचा कुसकुस म्हटला तरी त्याची वाफ बहुतेक वेळा मटणाच्या रश्श्यावरचीच असते, भाज्याही त्याच रश्श्यात शिजतात, म्हणून नुसतं "मांस नको" सांगून भागत नाही, रस्सा कशाचा आहे तेही विचारायचं. आम्ही विचारलं, त्याने आत जाऊन आचाऱ्यालाच बाहेर आणलं.

आपली,
एक वाचक, डोंबिवली