काका, तुमच्या ‘ताराबाई’साठी मनापासून थँक्यू

काका नमस्कार,

फोनवर बोलायला गेले की माझा गळा भरून येतो आणि मग तुम्ही "असू दे गं, जेवलीस का" म्हणून विषय बदलता, म्हणून शेवटी लिहायलाच बसले. आणि सगळ्यांसमोर लिहितेय कारण पोराला समुद्रावर पाठवायला घाबरणाऱ्या माझ्यासारख्या आया आपल्या किनाऱ्यावर गावोगाव आहेत.

लेकाचं कोस्टगार्डमध्ये नाविक म्हणून सिलेक्शन झालं त्या दिवशी घरात पेढे आले आणि मी मोरीत जाऊन रडले. माझं माहेर रत्नागिरीजवळच्या मिऱ्याचं. बाबांच्या होडीचं इंजिन एकदा भर समुद्रात बंद पडलेलं, दोन रात्री आई दारात बसून होती, तिसऱ्या दिवशी दुसऱ्या होडीने दोर बांधून ओढत आणलं त्यांना. त्यामुळे समुद्र काय करू शकतो ते मला कोणी सांगायला नको होतं. सगळे म्हणत होते काही होत नाही गं, उगाच घाबरतेस. तुम्ही एकटे तसं म्हणाला नाहीत. तुम्ही म्हणालात, भीती बरोबर आहे तुझी, पण तो ज्यावर जाणार ती बोट कशी असते ते तरी बघ. आणि ओट्यावर बसून लग्नपत्रिका उलटी करून सुताराच्या पेन्सिलीने कोस्टगार्डची गस्तीची बोट ‘ताराबाई’ काढलीत.

1987 ची बोट, सिंगापूरला बांधलेली, डिझाइन जर्मन. लांबी जेमतेम 45 मीटर आणि रुंदी फक्त सात, म्हणजे अंगाने सडपातळ, कारण तिचं काम पळायचं. 26 नॉट, म्हणजे तासाला जवळजवळ 48 किलोमीटर, पाण्यावर! आणि सावकाश 12 नॉटने गेली तर एकदा भरलेल्या इंधनात 2,400 सागरी मैल. पुढे एक 40 मिमीची बोफोर्स तोफ, आत तीसेक माणसं. अशी हलकी बोट पावसाळी समुद्रात किती डोलते तेही तुम्ही लपवलं नाहीत, पहिले आठ दिवस पोटात अन्न ठरत नाही म्हणालात. तुम्ही स्वतः त्याच जातीच्या बोटीवर इंजिनरूमला होता, तेव्हा हाताचा पंजा स्टीलच्या पेल्यावर ठेवून दाखवलंत की इंजिन बिघडायला लागलं की आधी पायाखालच्या पत्र्याला कळतं, कानाला मागाहून. इंजिनं दोन असतात, एक गेलं तरी दुसरं घरी आणतं. हे ऐकून मला बाबांची होडी आठवली, तिला एकच होतं.

मग तुम्ही फ्रीजमधला बर्फाचा ट्रे मागितलात. एका खणात पाणी ओतलंत, बाजूचे खण कोरडे. बोटीच्या पोटात अशाच भिंती असतात, एका भागात पाणी शिरलं तर दार बंद करून ते तिथेच अडवायचं. एवढंच होतं ते, पण त्या रात्री मला झोप लागली.

अलोंड्रा रेनबोची गोष्ट तर लेकाने तुमच्याकडून तीनदा ऐकली. ऑक्टोबर 1999, इंडोनेशियातून जपानला निघालेलं जहाज, पोटात सात हजार टन अॅल्युमिनियम. चाच्यांनी पळवलं, 17 खलाशांना तराफ्यावर सोडून दिलं, त्या बिचाऱ्यांना कितीतरी दिवसांनी एका थाई मासेमारी बोटीने उचललं. इकडे जहाजाचं नाव बदलून ‘मेगा रामा’ केलेलं, पण शोधणाऱ्यांना ते अरबी समुद्रात सापडलंच. त्याच्यामागे ही दोनशे टनांच्या आसपासची ताराबाई! वायरलेसवर हाका मारल्या, इशाऱ्याच्या फैरी झाडल्या, ते थांबेना, पण हिने पिच्छा सोडला नाही. मग नेव्हीची ‘प्रहार’ आली आणि 16 नोव्हेंबरला जहाज थांबलं. चाच्यांनी जहाज बुडवायचा प्रयत्न केलेला, पाणी भरायला लागलेलं, आग लावलेली, आपल्या माणसांनी आत चढून ते वाचवलं आणि मुंबईला आणलं. पुढे 15 चाच्यांना 2003 ला शिक्षा झाली आणि 2005 ला हायकोर्टात सुटका, कारण आपल्याकडे तेव्हा चाचेगिरीचा वेगळा कायदाच नव्हता, तो 2022 मध्ये झाला. हे सांगताना तुमचा आवाज जड झाला होता काका, मी बघितलं.

आणि नाव कोणाचं, तर औरंगजेबाशी सात वर्षं झुंजलेल्या आपल्या ताराराणीचं. तिच्या बहिणी अहल्याबाई, लक्ष्मीबाई. नंतरच्या बोटींमध्ये सावित्रीबाई फुलेसुद्धा आहे हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मी चहा तसाच गॅसवर ठेवून ऐकत उभी राहिले.

तुम्ही फिटनेससाठी त्याला पहाटे पाच वाजता भाट्याच्या वाळूत पळवलंत, फॉर्म भरताना शेजारी बसलात, एक पैसा घेतला नाहीत, आणि मी साधं थँक्यूसुद्धा नीट म्हटलं नाही. तर आता म्हणते, मनापासून थँक्यू काका, पोराला तयार केलंत त्याबद्दल आणि मलाही.

तो आता ओडिशाला चिल्काला ट्रेनिंगला आहे. परवा फोन आला तर माझी चौकशी दोन मिनिटं आणि मग, आई, काकांना विचार ना इंजिनरूम मिळायला काय करावं लागतं. तेवढं त्याला कळवा. पत्रिका मी लॅमिनेट करून घेतलीय, देवघराशेजारी लावलीय. सुट्टीवर आला की आधी तुमच्याकडे पाठवते, काकूंना सांगा त्या दिवशी सोलकढी करू नका, मी आणते.

तुमची,
शेजारची वहिनी