भूशास्त्राची वाट बर्फाकडेही जाते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बारावीनंतरच्या अभ्यासक्रमांवरील आपली पुरवणी वाचली. भूशास्त्राखाली खाणी, खनिज तेल आणि भूजल एवढंच होतं. हिमनद्या आणि प्राचीन हवामानाचा अभ्यास त्यात हवा होता.

हा विषय मी महाविद्यालयात वर्षानुवर्षं शिकवला. मुलीला प्रवेश घेताना पालक हमखास विचारत, ‘‘खाणीत उतरावं लागेल का हो?’’ तेव्हा मी बर्फाचा अभ्यास करणारे अमेरिकी भूशास्त्रज्ञ लॉनी थॉम्पसन यांच्याबद्दल सांगायची. वेस्ट व्हर्जिनिया हा अमेरिकेतला कोळशाचा मुलूख, थॉम्पसन तिथले. मार्शल विद्यापीठात भूशास्त्र शिकून ते ओहायो स्टेटला गेले, तेही कोळशाचाच अभ्यास करायला. तिथे हाती आलं ते ध्रुवीय बर्फाच्या गाभ्यांचं (बर्फात खोल ड्रिल करून काढलेल्या लांब दंडगोल तुकड्यांचं) काम, आणि मग सगळं आयुष्यच त्यात गेलं. पेरूतल्या केल्काया हिमटोपीवर (डोंगरमाथा झाकणाऱ्या बर्फाच्या जाड थरावर), ५६७० मीटर उंचीवर, खोदकाम जमणार नाही असं त्या क्षेत्रातले दिग्गज सांगत होते. जड यंत्रं हेलिकॉप्टरने वर पोचेनात. अखेर १९८३ मध्ये सौरऊर्जेवरच्या ड्रिलने दोन खोल गाभे निघाले आणि सुमारे १५०० वर्षांचं पाऊसमान हाती आलं.

कोरड्या ऋतूतली धूळ बर्फात दरवर्षी एक काळपट रेघ सोडते. त्या रेघा मोजायच्या. मोजणी पडताळायला १६०० साली फुटलेल्या पेरूतल्याच वायनापुतिना ज्वालामुखीची राख उपयोगी पडली. म्हणजे थर वाचणं आणि राख ओळखणं! सह्याद्रीच्या घाटात दोन लाव्हाप्रवाहांमधला तांबडा थर शोधणारी आमची मुलं हेच तर शिकतात.

आणि त्यासाठी पेरूच गाठायला हवं असं नाही. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. अंटार्क्टिकातल्या बर्फाचे गाभे तिथे उणे २० अंशांत जपले जातात. याच संस्थेने २०१६ मध्ये स्पितीत, ४००० मीटरहून अधिक उंचीवर, ‘हिमांश’ हे हिमनद्यांच्या अभ्यासाचं केंद्र उभारलं. डेहराडूनची वाडिया संस्थाही हिमालयातल्या हिमनद्यांवर काम करते.

ही माणसं आत्ताच हवी आहेत. केल्कायाचा बर्फ मागे सरला, तेव्हा सुमारे ५००० वर्षांपूर्वी गाडलेल्या वनस्पती उघड्या पडल्या. बर्फ वितळला की त्यातली नोंदही जाते. ती पुन्हा कुठून काढणार?

प्रवेशाची मुदत संपण्याआधी पुरवणीत ही भर छापावी, ही विनंती.

– भूशास्त्राच्या एक निवृत्त प्राध्यापिका, सांगली