बाकावरच्या गोलीची शिकवणी

संपादक महोदय,
स. न.

आपल्या क्रीडा पुरवणीतला फुटबॉलमधल्या गोलरक्षकांवरचा लेख वाचला. झेप, मुठीनं बॉल मारणं, पेनल्टी यांवर लेखकानं मनापासून लिहिलंय. पण शेवटी जाता जाता त्यांनी म्हटलंय की गोलरक्षक सगळा खेळ लांबून, मागून बघतो, म्हणून तो सहसा चांगला मुख्य प्रशिक्षक होत नाही. हे काही घशाखाली उतरलं नाही. मी अकरा हंगाम पगारी गोली होतो. त्यातले सहा राखीव म्हणून बाकावर काढले. आता नऊ वर्षं शिकवतोय. त्यामुळे हे वाक्य मला जरा जास्तच लागलं, हे आधीच कबूल करतो.

मागून बघतो हे खरंय. पण बावीस जणांत दोघेच असे असतात की ज्यांच्या पाठीमागे कोणी नसतं. फॉरवर्डला अर्धा वेळ गोलकडे पाठ करून खेळावं लागतं, मधल्या फळीतल्या हाफच्या तर चारी बाजूंनी माणसं. गोलीला सगळं समोर दिसतं आणि जे दिसतं ते त्याला ओरडून सांगावं लागतं. ‘डावीकडे माणूस’, ‘वर चला’, ‘वळू नकोस, मागे आहे’. नव्वद मिनिटांत खरे फटके अडवायचे प्रसंग किती येतात? कधी कधी तीन-चारच. बाकी सगळा वेळ माणसं जागेवर ठेवण्यात जातो. दुसऱ्या दिवशी माझे हात दुखायचे नाहीत, घसा बसायचा.

शिवाय नियमांनीच गोलीला खेळात ओढून आणलंय. 1992 पर्यंत स्टॉपरनं, म्हणजे आपल्याच बचावपटूनं, मागे दिलेला बॉल आम्ही हातात घेऊन आरामात बसायचो. त्या वर्षी असा बॅकपास हातात घ्यायला बंदी आली आणि पाय न चालणारे गोली उघडे पडले. मीही त्यातलाच, डावा पाय माझा नुसता टेकायच्या कामाचा होता. 2019 मध्ये गोलकिक गोलसमोरच्या बॉक्सच्या आतच सहकाऱ्याला घ्यायची मुभा मिळाली, म्हणजे चढाईचा पहिला पास आता बऱ्याचदा गोलीचाच. 2025 पासून तर बॉल आठ सेकंदांपेक्षा जास्त हातात ठेवला की समोरच्यांना कॉर्नर. शेवटची पाच सेकंदं रेफ्री हात वर करून बोटांनी मोजतो. त्या आठ सेकंदांत कोण मोकळा आहे, कोण दमलाय, पुढे टाकायचा की थांबायचा, हे ज्याला ठरवता येतं त्याला डावपेच कळत नाहीत असं कसं म्हणायचं?

लेखात उदाहरणं नव्हती, म्हणून प्रशिक्षक झालेल्या गोलींची काही देतो. 1993 मध्ये मार्से या फ्रेंच क्लबला चॅम्पियन्स लीग जिंकून देणारे रेमंड गोथाल्स मूळचे गोलीच. 1994 च्या विश्वचषकातला सर्वोत्तम गोलरक्षक मिशेल प्रुडोम. त्यानं पुढे स्टँडर्ड लिएज आणि क्लब ब्रुज अशा दोन संघांना बेल्जियमचं विजेतेपद मिळवून दिलं. युलेन लोपेतेगीला स्पेननं 2018 चा विश्वचषक सुरू व्हायच्या आदल्या दिवशी काढलं, दोन वर्षांनी त्यानं सेविलाबरोबर युरोपा लीग जिंकली.

पण मला सर्वांत जवळचा वाटतो तो नुनो एस्पिरितो सांतो. 2004 मध्ये पोर्तोनं चॅम्पियन्स लीग जिंकली तेव्हा गोलमध्ये व्हितोर बाइया होता आणि नुनो दुसरा गोली. हाच माणूस पुढे वुल्व्ह्ज या इंग्लिश क्लबचा प्रशिक्षक झाला, 2018 मध्ये संघाला प्रीमियर लीगमध्ये घेऊन गेला आणि लागोपाठ दोन हंगाम सातव्या क्रमांकावर आणला. लोक म्हणतात तो मोरिन्योच्या, पोर्तोच्या तेव्हाच्या प्रशिक्षकाच्या, हाताखाली शिकला. शिकला असेलच. मी म्हणतो तो बाकावर शिकला.

दुसऱ्या गोलीचं काम बाहेरच्यांना माहीत नसतं. सामन्याआधी पहिल्या गोलीला वॉर्मअप तोच देतो. आधी जमिनीलगतचे, मग बाजूनं आलेले क्रॉस, मग बॉक्सच्या टोकावरून जोरात. आणि शेवटचे तीन-चार बॉल मुद्दाम सरळ छातीवर, मऊ. बॉल पकडल्याचा तो ‘थप्’ आवाज कानात घेऊन त्यानं आत जायला हवं. ज्याची जागा आपल्याला हवी आहे त्याचेच हात गरम करून द्यायचे आणि मग कोट घालून बसायचं. पहिली तीन वर्षं मी हे दात-ओठ खात केलं. एकदा तर शेवटचा बॉल मी रागानं कोपऱ्यात मारला. त्याला झेप घ्यावी लागली, बोट मुरगळलं आणि तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. काही बोलला नाही. सामना तो तसाच खेळला. त्यानंतर मात्र मी बाकावर सहायक सरांशेजारी बसायला लागलो. ते पुटपुटायचे ते ऐकायचं. ‘आता हा राइट बॅक सुटणार.’ दोन मिनिटांत सुटायचा. संघाच्या यादीचा कागद उलटा करून त्यावर कॉर्नर कुठे पडतात ते मी लिहायला लागलो. माझी शिकवणी ती, कोर्स आणि लायसन्स नंतरचं.

आता लेखकाचं जिथे बरोबर आहे तेही सांगतो. मला एकदा ज्युनियर संघ पूर्ण सांभाळायला मिळाला. आम्ही गोल फार खाल्ले नाहीत, पण केलेही नाहीत. समोरच्या तीस यार्डांत काय करायचं हे मला सांगताच येत नव्हतं, कारण तिथे मी आयुष्यात कधी उभाच राहिलो नव्हतो. मग एका जुन्या फॉरवर्डला मदतीला घेतलं. त्यानं पहिल्याच दिवशी मला सरावातून अर्धा तास बाहेर बसवलं, तेव्हा कुठे पोरं हसली.

आणि गोलीचं नशीब प्रशिक्षकाचा कोट घातला तरी सुटत नाही. इटलीचा गोली दिनो झॉफ. त्यानं चाळिसाव्या वर्षी कर्णधार म्हणून 1982 चा विश्वचषक उचलला. प्रशिक्षक म्हणून 1990 मध्ये युव्हेंटसला एकाच हंगामात यूएफा कप आणि इटालियन कप दिला, तरी त्याला जावं लागलं. मग इटलीला त्यानं युरो 2000 च्या अंतिम फेरीत नेलं. नव्वद मिनिटं संपली तेव्हा इटली 1-0 नं पुढे होती. जादा दिलेल्या वेळेत फ्रान्सनं बरोबरी केली, मग त्रेझेगेचा गोल्डन गोल, म्हणजे तिथेच सामना संपला. फ्रान्सच्या झिदानवर माणूस का लावला नाही म्हणून इटलीतले राजकीय नेते बर्लुस्कोनी यांनी जाहीर टीका केली आणि झॉफनं राजीनामा दिला. आधीचं सगळं विसरून शेवटचा गोल त्याच्या नावावर. गोली असताना याहून वेगळं काय होतं?

माझी स्वतःची खोड मात्र निराळी. ओरडायची सवय सुटत नाही. गेल्या हंगामात एका सोळा वर्षांच्या पोराला मी लाइनवरून सारखा सांगत होतो. पुढे ये, मागे जा, क्रॉस तुझा. मध्यंतरात तो ग्लोव्हज काढता काढता म्हणाला, ‘सर, तुम्ही बोलायला लागलात की मला स्टॉपर ऐकू येत नाही. आणि मी त्याला सांगितलेलं त्यालाही.’ उत्तरार्धात मी तोंडात शिट्टी धरून बसलो. एक क्रॉस त्यानं सोडला, मी अर्धा उठलो. बॉल बारवरून गेला. त्यानं वळून माझ्याकडे बघितलंही नाही, स्टॉपरला हातानं दोन पावलं डावीकडे सरकवलं आणि गोलकिक लावली.

आपला,
एक माजी गोली

ता. क. त्याच पानावर फोटोखाली ‘गोलरक्षकाची घोडचूक’ असं छापलंय. फोटोत बॉल स्टॉपरच्या गुडघ्याला लागून वळलेला स्पष्ट दिसतो. तेवढं दुरुस्त करावं, ही विनंती.