सेगमेंटेशन फॉल्ट आला की

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

तू आता इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. पहिलं वर्ष सगळ्या शाखांना जवळपास सारखंच असतं, त्यामुळे खरं कॉम्प्युटर आता सुरू होईल. या वर्षी डेटा स्ट्रक्चर्स, म्हणजे माहिती मेमरीत कशी रचायची तो विषय, घट्ट धर. बाकीचे विषय परीक्षेच्या तोंडावर ओढून नेता येतात. हा सुटला, तर पुढे ऑपरेटिंग सिस्टिम आणि डेटाबेस दोन्ही अंगावर येतात.

लिंक्ड लिस्ट म्हणजे एकमेकांना जोडलेल्या नोडची, म्हणजे माहितीच्या डब्यांची यादी. तिच्या प्रॅक्टिकलला सेगमेंटेशन फॉल्ट येणारच, म्हणजे प्रोग्रॅम नको त्या मेमरीला हात लावून कोसळणार. बहुतेकदा पॉइंटर (नोडचा पत्ता) नल, म्हणजे रिकामा असतो आणि आपण त्याचा 'नेक्स्ट', म्हणजे पुढचा नोड मागितलेला असतो. रिकामी यादी, एकाच नोडची यादी आणि शेवटचा नोड, या तीन जागा आधी तपास. चूक शोधायला जागोजागी प्रिंटएफ (छापायची आज्ञा) पेरत बसू नकोस. त्याचा मजकूर बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात अडकू शकतो, मग प्रोग्रॅम कोसळला की छापलाच जात नाही आणि आपण चूक भलत्याच ओळीत शोधत राहतो. त्यापेक्षा जीसीसीला (सी भाषेचा कंपाइलर) '-g' हा पर्याय देऊन कंपाइल कर, जीडीबीत (चुका शोधायचा डीबगर) चालव आणि कोसळल्यावर 'बीटी' टाइप कर. कुठल्या फंक्शनमधून कुठे जाऊन पडला, ते ओळीच्या क्रमांकासकट दिसतं. तरीही उलगडलं नाही, तर कागदावर चौकोन आणि बाण काढ. मैत्रिणीचा कोड उतरवून किंवा एआयकडून लिहून घेऊन जर्नलवर सही मिळेल, पण ओरलला 'पहिलाच नोड काढायचा असेल तर?' एवढा एक प्रश्न पुरतो.

अल्गोरिदमची कॉम्प्लेक्सिटी, म्हणजे माहिती वाढली की पायऱ्या किती वाढतात, ते पाठ करू नकोस, आकडे घालून बघ. 1 लाख पीआरएनमध्ये (विद्यार्थ्यांच्या नोंदणी क्रमांकांत) दुबार क्रमांक शोधायचा आहे. लूपच्या आत लूप लावलास, तर सुमारे 1000 कोटी पायऱ्या होतात. सेकंदाला 10 कोटी साध्या पायऱ्या धरल्या, तर 100 सेकंद गेले. तेच आधी सॉर्ट केलंस, म्हणजे क्रमाने लावलंस, तर 1 लाख गुणिले साधारण 17 (1 लाख इतक्या वेळा निम्मे केले की 1 उरतो), म्हणजे 17 लाख तुलना. मग शेजारचे क्रमांक जुळतात का, एवढंच पाहायचं. डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर.

बायनरी सर्चमध्ये, म्हणजे क्रमाने लावलेल्या यादीत दरवेळी निम्मा भाग सोडत शोधताना, मधली जागा '(लो + हाय) / 2' अशी काढतात; लो आणि हाय ही शोधायच्या भागाची दोन टोकं. 32 बिटांच्या इंटमध्ये (पूर्णांकात) 2147483647 पेक्षा मोठी संख्या मावत नाही, त्यामुळे ॲरे (यादी) प्रचंड असेल तर बेरीज ओसंडते. जावाच्या लायब्ररीतसुद्धा ही चूक कित्येक वर्षं होती, 2006 साली ती चव्हाट्यावर आली. 'लो + (हाय - लो) / 2' लिहायची सवय आत्ताच लाव.

नोकरीचं म्हणशील, तर 'आयटी' हे एक काम नव्हे. बॅकएंडला (पडद्यामागच्या सर्व्हरच्या कामाला) डेटाबेस लागतो: जॉइन (तक्ते जोडणं), इंडेक्स (शोध जलद करणारी सूची), आणि पैसे एका खात्यातून वजा होऊन दुसऱ्यात जमा व्हायच्या आत वीज गेली तर ट्रान्झॅक्शन काय करतं, हे सांगता यायला हवं. पुण्यात गाड्यांचा उद्योग मोठा, म्हणून एम्बेडेडची, म्हणजे यंत्रात बसवलेल्या छोट्या कॉम्प्युटरची कामं मिळतात. तिथे सी भाषा आणि मर्यादित मेमरीत काम करायची शिस्त लागते. टेस्टिंगला लोक उगाच कमी लेखतात. एआयची ओढ असेल, तर गणित टाळता येणार नाही. लिनिअर अल्जेब्रा आणि प्रोबॅबिलिटी पक्की कर. महिन्याभराच्या कोर्सचं सर्टिफिकेट मला तरी फारसं कामाचं वाटत नाही.

कॅम्पसला बहुतेक ठिकाणी आधी ॲप्टिट्यूड आणि कोडिंगची चाळणी असते, मग मुलाखत. अनेक कंपन्या चालू बॅकलॉग (राहिलेला विषय) असेल तर बसूच देत नाहीत. म्हणून एम थ्री (गणिताचा तिसरा पेपर) हलक्यात घेऊ नकोस.

एम.टेक. मनात असेल, तर गेट ही प्रवेश परीक्षा तिसऱ्या वर्षापासून देता येते: तीन तास, 65 प्रश्न, 100 गुण, स्कोअर तीन वर्षं चालतो. बहुपर्यायी प्रश्न चुकला तर त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण कापतात, पण उत्तराचा आकडा स्वतः भरायचा असतो त्या प्रश्नांना वजाबाकी नाही. ते एकही कोरे सोडू नकोस.

आणि कोड रोजच्या रोज गिटने गिटहबसारख्या ऑनलाइन साठ्यावर चढव. लॅपटॉप नेमका सबमिशनच्या आदल्या रात्री मान टाकतो.

तुझी,
आई