लाँगटेल घेतोयस ना, मग आधी हे वाच

प्रिय संज्या,

तुझा मेसेज वाचला आणि लक्षात आलं की दोन ओळीत उत्तर देण्यासारखं हे प्रकरणच नाही, म्हणून निवांत बसून पत्रच लिहितोय. तू म्हणतोस होडी १४ फुटी, सपाट बुडाची, पाणी उथळ, खाली गाळ आणि वर गवत, आणि तू १३ एचपीचं इंजिन बघून ठेवलंयस. लाँगटेलचा, म्हणजे लांब शाफ्टच्या टोकाला पंखा असलेल्या मोटरीचा, विचार एकदम बरोबर आहे, त्याबद्दल काही बोलायचंच नाही. पण इंजिनाच्या आकड्यावर तू जेवढा जीव अडकवलायस ना, तेवढा शेपटीवर (तो लांब शाफ्ट, त्याची नळी आणि पंखा) आणि बसवण्यावर अडकव असं मी मनापासून सांगतो, कारण ही मोटर चांगली चालते की डोकेदुखी होते हे सगळं होडीच्या मागच्या फळीवर ठरतं, दुकानात नाही.

आऊटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे टांगायची नेहमीची मोटर, तिथे का चालत नाही ते तुला माहितीच आहे. तिचं इंजिन थंड ठेवायला बाहेरचं पाणी आत ओढावं लागतं, गाळाचं पाणी ओढलं की पंपाचा रबरी इम्पेलर झिजतो, जाळी तुंबते, आणि खालचा गिअरबॉक्स एखाद्या खडकावर आपटला की संपलंच. लाँगटेलमध्ये यातलं काहीच नाही, वर साधं एअरकूल (हवेनेच थंड होणारं) इंजिन, त्याला थेट जोडलेला लांब शाफ्ट आणि टोकाला पंखा, बस. पाण्यात फक्त पंखा आणि थोडी नळी. थायलंडमध्ये नदी-कालव्यातल्या लांब होड्यांवर ट्रक-गाड्यांची इंजिनं अशीच लांब शाफ्टला जोडून चालवतात, आणि अमेरिकेत लुइझियानाच्या दलदलीत हीच कल्पना छोट्या एअरकूल इंजिनांवर चालते. सरफेस ड्राइव्ह नावाचा भाऊबंद पण आहे, आखूड शेपटी, बेल्ट, मोठं इंजिन, जास्त वेग, पण त्याला वजन खूप आणि होडी पण तशी दणकट लागते, तुझ्या होडीसाठी तो विषय सोडूनच दे.

आता १३ एचपीचं. त्याऐवजी होंडाचं छोटं जीएक्स१६० घे (१६३ सीसी), जीएक्स२०० घे (१९६ सीसी) किंवा त्यांच्याच मापाचं दुसऱ्या कंपनीचं घे, कोरडं वजन १५-१६ किलो. १३ एचपी म्हणून ओळखलं जाणारं जीएक्स३९० त्याच्या दुप्पट, ३१ किलोच्या पुढे, वर तेल-पेट्रोल आणि शेपटी वेगळीच. हे सगळं होडीच्या अगदी मागच्या टोकाला, पाण्याच्या बरंच वर, आणि शेजारी तू बसणार. १४ फुटी होडीचं बूड तिथे किती खाली जाईल बघ. आणि वेगाचं म्हणशील तर होडी पाणी कापत चालते तोवर तिच्या लांबीवरच वेग अडतो, पाण्याला टेकलेली लांबी फुटात घ्यायची, त्याचं वर्गमूळ काढून १.३४ ने गुणायचं, येतात नॉट. १४ फुटाला साधारण ५ नॉट, म्हणजे ताशी ९ किलोमीटरच्या थोडं वर. तेवढ्याला छोटं इंजिन पुरतं. सपाट बुडाची होडी हलकी असेल तर जास्त ताकदीने पाण्यावर चढून पळते हे खरंय, पण दोन माणसं, सामान आणि गवतात कुठे खुंट आहे दिसत नाही अशा पाण्यात तुला तसं पळवायचंय कुठे? माझं मत विचारशील तर जीएक्स२०० च्या मापाचं घे आणि वाचलेलं वजन आणि पैसा चांगल्या शेपटीत घाल.

इंजिन घेताना दोन गोष्टी डोळ्यांनी बघून घे, फोनवर विचारून नको. एक म्हणजे बाहेर आलेला शाफ्ट आडवा, सरळ आणि चावीची (जोड घसरू नये म्हणून मध्ये बसते त्या धातूच्या पट्टीची) खाच असलेला हवा, जीएक्स१६० आणि २०० ला बहुतेक वेळा ३/४ इंची येतो आणि ३९० ला १ इंची, पण मिलिमीटरवाले आणि निमुळते पण मिळतात, म्हणून कॅलिपर लावूनच खात्री कर नाहीतर शेपटीचा कपलर, म्हणजे इंजिनाला जोडणारा तुकडा, बसणारच नाही. दुसरं, याच इंजिनांची गिअर रिडक्शनवाली मॉडेलं येतात, फेरे निम्म्यावर किंवा सहाव्या हिश्श्यावर आणणारी, दिसायला जवळजवळ सारखी. ती नको. लाँगटेलचा पंखा इंजिनाच्या पूर्ण ३६०० आरपीएमवर फिरायला बनवलेला असतो.

शेपटी घेताना मात्र वेळ काढ. पहिलं म्हणजे थ्रस्ट बेअरिंग आहे का विचार. पंखा होडीला पुढे ढकलतो म्हणजे खरं तर तो शाफ्टलाच इंजिनाच्या दिशेने रेटत असतो, तो सगळा रेटा झेलायला नळीच्या वरच्या टोकाला स्वतंत्र बेअरिंग हवं, नसेल तर रेटा थेट इंजिनाच्या क्रँकच्या बेअरिंगांवर जातो आणि ती त्यासाठी केलेलीच नसतात. ज्याला याचं उत्तर देता येत नाही त्याच्याकडून घेऊच नकोस. मग पंख्याच्या बाजूचं सील, मध्ये शाफ्टला आधार देणारे बुश किती आहेत, ग्रीस भरायला निपल आहे का, पंख्याच्या वर आडवी पट्टी आहे का (ती वरून हवा ओढली जाऊ देत नाही) आणि खाली स्केग, म्हणजे ती उभी पाती, जी जमिनीला आधी टेकते आणि पंखा वाचवते. शाफ्ट हाताने फिरवून बघ, कुठे अडखळला किंवा टोक डोलताना दिसलं तर शाफ्ट वाकडा आहे.

पंख्याबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेव. या इंजिनांचा शाफ्ट समोरून बघितला तर घड्याळाच्या उलट फिरतो, आणि शेपटी तिथूनच थेट मागे जाते, म्हणून होडीच्या मागे उभं राहून बघितलं तर पंखा पण उलटाच फिरणार. बहुतेक आऊटबोर्डचे पंखे सुलट फिरणारे असतात, कुणी स्वस्तात दिला म्हणून तसला आणून लावलास तर होडी मागे जायला बघेल. डाव्या फिरतीचाच पंखा लागतो. गवतासाठी दोन पात्यांचा बरा, त्यात गुंता कमी होतो. पिच (एका फेऱ्यात पंखा किती पुढे सरकेल ते माप) किती घ्यायची याचा कागदावर हिशोब होतो पण पाण्यातच कळतं, त्यासाठी स्पार्क प्लगच्या वायरला गुंडाळायचा छोटा टॅकोमीटर मिळतो तो आण. नेहमीचं वजन भरून पूर्ण थ्रॉटल दे, इंजिन ३६०० च्या आसपास पोचलं तर पंखा जमला. ३००० लाच गुदमरत असेल तर पिच जास्त आहे, कमी घे, त्या हालतीत रोज चालवलंस तर इंजिन तापून लवकर जाईल. लगेच ३६०० ला जाऊन होडी मात्र रेंगाळत असेल तर पिच कमी पडतेय, नाहीतर पंखा हवा ओढतोय. गव्हर्नरची (फेरे मर्यादेत ठेवणाऱ्या यंत्रणेची) स्प्रिंग ताणून आरपीएम वाढवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस प्लीज.

आता बसवणं, ज्यासाठी खरं तर हे पत्र. आधी मागची फळी तपास. स्क्रूड्रायव्हरचं टोक जोर लावून फळीत ठिकठिकाणी दाब, विशेषतः खालच्या कडेला आणि जुन्या भोकांच्या भोवती, लाकूड कडक असेल तर टोक नुसतं खूण करतं, कुजलं असेल तर आत रुततं आणि ओलसर भुसा येतो. कुजकी फळी असेल तर मोटर नंतर, फळी आधी. जाडी दीड इंच तरी हवी. आणि माउंटचे, म्हणजे मोटर फळीवर धरणाऱ्या भागाचे, क्लॅम्प हाताने आवळून भागत नाही, आरपार बोल्ट टाक, आतल्या बाजूने धातूची पट्टी देऊन नायलॉकवाले (हादऱ्याने न सुटणारे) नट लाव, वर एक साखळी होडीला बांधून ठेव म्हणजे काही सुटलंच तर मोटर पाण्याच्या तळाला जाणार नाही.

मग कोन. टेप घेऊन माप: होडी पाण्यात, तू नेहमीच्या जागी बसलेला, माउंटची पिन (जिच्यावर मोटर वरखाली झुलते) पाण्यापासून किती उंच आहे. समज ४५ सेंटीमीटर, पंखा पाण्याखाली १० धरला तर झाले ५५. पिनपासून पंख्यापर्यंत शेपटी ६ फूट म्हणजे १८३ सेंटीमीटर असेल तर शाफ्टचा कोन येतो १७-१८ अंश. चालेल. तीच शेपटी ५ फुटाची घेतलीस तर २१ अंश होतो, आणि माउंट आणखी उंच केलास तर वाढतच जातो. कोन वाढला की काय होतं, पंख्याचा रेटा पुढेच नाही, वर पण लागतो, ३० अंशाला तर जेवढा रेटा त्याच्या निम्म्याएवढा होडीची मागची बाजू उचलायला लागतो आणि पुढचं टोक पाण्यात घुसायला बघतं. शिवाय पात्यांवर भार सारखा पडत नाही म्हणून हँडल थरथरतं आणि तासाभरात मनगट बधीर. म्हणून माउंट जमेल तेवढा खाली घे आणि शेपटी अगदीच आखूड घेऊ नकोस. इंजिन स्वतः मात्र चालताना जमेल तेवढं सपाटीला हवं, चांगल्या माउंटमध्ये त्यासाठी इंजिनाखाली उतार दिलेला असतो, कारण जीएक्सची मर्यादा २० अंशाच्या कलाची आहे, त्यापुढे तेल सगळीकडे नीट पोचत नाही. ऑइल अलर्टवालं (तेल कमी वाटलं की आपोआप बंद होणारं) इंजिन असेल तर जास्त कलल्यावर ते बंद पण पडतं आणि लोक उगाच कार्बोरेटर खोलत बसतात. कडेला लावून शेपटी वर करून ठेवणार असशील तर पेट्रोलचा कॉक बंद करत जा.

तोल हा तिसरा मुद्दा आणि मला सगळ्यात जिव्हाळ्याचा, कारण दिवसभर हातात तेच असतं. पिनच्या एका बाजूला इंजिन, दुसऱ्या बाजूला शेपटी, तराजूच्या दांडीसारखं. माउंटला पुढेमागे भोकं असतील तर ती यासाठीच आहेत. मला शेपटीकडे किंचित जड आवडतं, म्हणजे हात सोडला तर पंखा आपोआप पाण्यात जातो, आणि हँडल एका हाताने सहज दाबलं की वर येतो. इंजिनाकडे जड झालं तर पंखा सारखा वर यायला बघेल, हवेत भणाणेल आणि तू दिवसभर हँडल वर उचलून धरशील. उलट्या फिरतीमुळे शेपटी चालताना डावीकडे सरकते आणि हँडल उजवीकडे ओढतं, थोडं ओढणार हे धरूनच चाल, फार वाटलं तर स्केगला किंचित वाक देऊन कमी करतात, पण अगदी थोडा थोडा वाकव आणि प्रत्येक वेळी पाण्यात बघ. तू मागे बसणार, मोटर मागे, म्हणून पेट्रोलचा कॅन, नांगर, पिशव्या सगळं पुढे सरकव.

कपलर बसवताना चावी नीट बसलीय बघ, सेट स्क्रूला थ्रेडलॉकर लाव, आणि पहिल्यांदा चालवून आल्यावर सगळे बोल्ट पुन्हा आवळ, एक सिलिंडरचं इंजिन आहे, हादरे भरपूर. नवीन इंजिन बहुतेक तेलाशिवाय येतं, या मापाला साधारण ०.६ लिटर १०डब्ल्यू-३० लागतं, सपाट ठेवून बघायचं. पहिलं तेल २० तासांनी बदल, मग दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी. नळीत ग्रीस मारताना पंख्याकडच्या टोकातून बाहेर येईपर्यंत मार, आधी जे येतं त्याचा रंग बघ. पांढरट दुधाळ आलं तर आत पाणी गेलंय, स्वच्छ येईपर्यंत मारत राहा, आणि पुढच्या वेळी पुन्हा दुधाळ आलं तर सील बदल, टाळाटाळ करू नकोस कारण आतले बुश त्यानेच जातात. खाऱ्या पाण्यात नेलीस तर गोड्या पाण्याने धुऊन काढ.

आणि संज्या, हे नीट वाच. क्लच नसेल तर दोरी ओढली की पंखा फिरलाच, न्यूट्रल नाही, रिव्हर्स नाही, ब्रेक तर नाहीच. म्हणून चालू करायच्या आधी शेपटीच्या बाजूला, पाण्यात पोहणारं पोर नाही ना, कुत्रा नाही ना, बघ. थ्रॉटल कमीवर. किल स्विचची (ओढली की इंजिन बंद पाडणारी) दोरी मनगटाला, दर वेळी, मग शंभर मीटर जायचं असलं तरी. तू पाण्यात पडलास आणि मोटर चालू राहिली तर ती होडी गोल फिरून तुझ्याच अंगावर येऊ शकते. माझं ऐकशील तर सेंट्रिफ्यूगल क्लचवाली शेपटी बघ, आरपीएम कमी केला की पंखा थांबतो, जास्त पैसे गेले तरी मला ते पटतं, विशेषतः मुलं बरोबर असतील तर. पंख्यात गवत अडकलं तर आधी वर काढून हवेत क्षणभर फिरू दे, बहुतेक निघून जातं. नाही निघालं तर इंजिन बंद, प्लगची वायर काढ, मगच हात घाल. सायलेन्सर प्रचंड तापतो, लाइफ जॅकेट त्याच्यावर टेकून वितळेल, आणि पेट्रोल गरम इंजिनात ओतू नकोस. पूर्ण ताकदीवर जीएक्स२०० तासाला १.७ लिटर खातं आणि त्याची टाकी तीन लिटरच्या आसपास, म्हणजे पूर्ण थ्रॉटलवर दोन तास पण नाही, त्या हिशोबाने जवळ कॅन ठेव. वल्हं नेहमी होडीत हवंच. कानात प्लग घाल, आवाज खरंच खूप असतो.

आता तू एवढं कर, होडी पाण्यात उतरवून फळीची उंची पाण्यापासून किती, फळीची जाडी किती, फळीपाशी रुंदी किती आणि तू मागे बसल्यावर यातलं काय किती बदलतं ते मोजून मला पाठव, दोन फोटो पण पाठव, एक मागून एक बाजूने. शेपटी किती लांब घ्यायची ते त्यावरून सांगतो, तोपर्यंत त्या १३ एचपीवाल्याला पैसे देऊ नकोस.

तुझाच,
दिन्या