झोपलेल्या कुंड्या पाठवते आहे

डोंबिवली, २ डिसेंबर

प्रिय नले,

शिव्या नंतर घाल, आधी हे वाच. समोरच्या काकू काल गॅलरीत उभ्या राहून म्हणाल्या, "ही कुंडी रिकामीच दिसतेय, कोथिंबीर लावू का हिच्यात?" हबेनारियाची कुंडी गं, माझं हिवाळ्यात झोपणारं ऑर्किड! आता हे तुझ्याशिवाय कोणाला सांगू? घरात सांगितलं तर म्हणतील, मग लाव की कोथिंबीर.

मीनूची बाळंतपणाची तारीख जानेवारीतली. मी रविवारी बंगळूरला निघते, ती मार्चअखेरीस येईन. तोवर मला पाणी न घालणारा माणूस हवा आहे, आणि त्यात तुझा हात धरणारं कोणी नाही. होस्टेलवर तुझ्या पाळीला तुळसही सुकायची. काळजी आहे ती दिलीपरावांची. सकाळी सहाला पाइप घेऊन गच्ची धुणारा माणूस! त्यांना हे पत्र मोठ्याने वाचून दाखव आणि माझी झाडं पाइपच्या टप्प्याबाहेर ठेव.

चार कुंड्या डेंड्रोबियम नोबिलेच्या आहेत. यांना तुझ्याकडे पाठवायचं खरं कारण तुझी नाशिककडची थंडी. डोंबिवलीत रात्री पारा १७-१८च्या खाली फारसा उतरत नाही, आणि नोबिलेला कळ्या धरायला महिना-दीड महिना १० ते १३ अंशांच्या रात्री लागतात. सिक्कीमचं राज्यफूल आहे ते; पावसाळ्यात भिजायचं आणि हिवाळा कोरडा, गार, लख्ख उन्हात काढायचा, ही त्याची सवय. तेव्हा पूर्वेच्या कठड्याशी ठेव, सकाळचं कोवळं ऊन थेट लागू दे. निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर आला की मात्र रात्री आत घे. ५-६ अंशांत उघड्यावर नको.

खत दसऱ्यालाच बंद केलंय, तू काही घालू नकोस. उशिरा नत्र मिळालं की कांडीच्या डोळ्यांतून कळ्यांऐवजी पिल्लं, म्हणजे नवी रोपटी, फुटतात. पाणी पंधरा दिवसांतून एकदा, चहाचा अर्धा कप, तेही सकाळी. कांड्या थोड्या सुरकुतल्या तर सुरकुतू देत. उसाच्या वाळल्या कांड्यासारख्या दिसतात, पाने पिवळी होऊन गळतात, आणि इथेच तुझी कात्री शिवशिवते! नले, त्या उघड्या कांड्यांना हात लावशील तर बघ. फुलं त्यांच्यावरच येतात, गेल्या हंगामात वाढून पुरी झालेल्यांवर. तू 'साफसफाई' केलीस त्या वर्षीचं भांडण मी अजून विसरलेले नाही. आणि तू म्हणालीस, "मेलेलंच तर कापलं." असो.

फळीवर बांधलेलं अ‍ॅफिलम, तेही डेंड्रोबियमच, उलटं लोंबतं, तसंच टांग. याच्या मुळांभोवती काहीच नाही, म्हणून कुंडीवाल्यांपेक्षा लवकर वाळतं. रानात याला पहाटेचं दव मिळतं, तेवढंच आपण द्यायचं: आठवड्यातून एकदा सकाळी फवारा, दुपारपर्यंत फळी कोरडी झाली पाहिजे. बघ, तुझं ते 'फवारा मारला की भागतं' शेवटी एका झाडापुरतं खरं ठरलं. फुशारून जाऊ नकोस.

कॅटासेटम दोन. पानं गेलीत, नुसते जाड बल्ब, म्हणजे फुगीर खोडं, उरलेत, वर कागदासारखी सालं. टोकाला काटे आहेत, उचलताना जप. यांना पाणी शून्य. 'थोडंसं' नाही, शून्य. बल्बच्या पोटात पुरेसा साठा असतो. अगदीच चिपाड झाला तर कडेने एकदा अर्धी वाटी, मग पुन्हा बंद. सुकी सालं सोलून त्याखाली पिठ्या ढेकूण बसलाय का बघ. दिसला तर कापसाला स्पिरिट लावून पुसून घे.

आता माझी झोप उडवणारी गोष्ट. डिसेंबरात यांना कोणी मारत नाही, मारतात फेब्रुवारीत. ऊन तापायला लागतं, बल्बच्या बुडाशी हिरवा कोंब दिसतो, आणि जो तो म्हणतो, "उठलं गं बाई!" आणि तांब्या ओततो. त्या कोंबाला तेव्हा मुळंच नसतात. तो जुन्या बल्बच्या साठ्यावर वाढतो. खाली कुंडीत भरलेलं मॉस (शेवाळ) ओलं आणि ते पाणी प्यायला कोणी नाही, म्हणजे कोंब बुडातून काळा पडून कुजणार, आणि पाणी कोंबाच्या पोंग्यात साचलं तर वरूनही. म्हणून कोंब दिसला की फक्त मला फोन कर. पाणी कधी? नवी मुळं ८-१० सेंटिमीटर, म्हणजे तुझ्या मधल्या बोटाएवढी झाली आणि पानं उलगडू लागली की मगच. तोपर्यंत महिना जाऊ दे, दीड महिना जाऊ दे. पहिलं पाणी मात्र कुंडीतून आरपार निथळेल असं, आणि त्यानंतर वाळू द्यायचं नाही. दिलीपरावांना तेव्हा बोलव, त्यांची हौस फिटेल.

नोबिलेचंही तसंच. जानेवारीत डोळे फुगतात. गोल, टपोरा फुगवटा असेल तर कळी. टोकदार असून पुढे पातीसारखं निघालं तर पिल्लू. फुगवटा दिसल्या दिसल्या पाणी वाढवलंस तर कळीचंही पिल्लू होतं. कळ्या वाटाण्याएवढ्या, वेगवेगळ्या ओळखू येतील तेव्हा हळूहळू वाढव. भिंग घेऊन बघ. मोतीबिंदू काढल्यापासून दिसतंय ना नीट? दुसऱ्या डोळ्याची तारीख ठरली का? माझा गुडघा आहे तसाच, विचारू नकोस.

हबेनारियाची कुंडी म्हणजे निव्वळ माती वाटेल. आत कंद आहे. दर वर्षी जुना कंद चिपाड होतो आणि शेजारी नवा धरतो, त्यात पुढचं झाड. आपण सप्टेंबरात कास पठारावर बघितलेल्या आमऱ्या, म्हणजे रानातली ऑर्किडं, आठवतात ना? त्या आत्ता अशाच सड्याखाली आहेत, वर नुसतं वाळकं गवत. वाळला दांडा ओढू नकोस, कंदाचा डोळा त्याच्या बुडाशीच असतो. बोटभर ठेवून कात्रीने काप. (इथे कात्री चालेल, घे.) कुंडी कपाटाखाली, उंदरापासून लांब, वर जाळी. उकरून 'आहे का' बघायचं नाही. एप्रिल-मेमध्ये तो आपणहून नाक काढेल, तेव्हा मी असेनच.

तुझ्याकडे धोका अवकाळीचा. द्राक्षवाल्यांचे चेहरे पडले की माझ्या कुंड्या पत्र्याखाली गेल्या पाहिजेत, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत. एका रात्रीच्या पावसाने कॅटासेटमचा सगळा विसावा बिघडतो.

तुझ्या श्रीचं नाशिकलाच नक्की झालं म्हणे? छान झालं, सविस्तर नंतर बोलू. शशीला तुझी मिरची अजून झोंबते आहे, तिला फोन कर.

शनिवारी बाळ्या गाडीने आणून देईल. मागच्या सीटवर आडव्या करू नको म्हणून बजावलंय, पण तो बाळ्याच.

तुझी,
सुमी

ता. क. – सोनिया आणि फॅलेनॉप्सिस पाठवत नाही. सोनियाही डेंड्रोबियमच, पण तिला ही झोप ठाऊक नाही. १५ अंशांखाली गेली की पानं टाकते. ती काकूंकडे ठेवली आहे, दोन-तीन दिवसांनी खुशाल पाणी घाला म्हणून सांगून. कोथिंबिरीसाठी एक वेगळी कुंडीही दिली.